पिवळ्या तुकड्यांच्या शोधात

ॲरिझोनाचा जमीनमालकीचा नकाशा पहिल्यांदा समोर पसरला तेव्हा आजीच्या गोधडीची आठवण झाली. वाळवंटाचा नकाशा म्हणजे एकच एक तपकिरी रंग असणार, अशी माझी समजूत होती. इथे मात्र पिवळे, हिरवे, निळे, नारिंगी, पांढरे, फिकट जांभळे असे तुकडे एकमेकांना शिवलेले होते, आणि त्यांतले कितीतरी काटेकोर चौकोनी. धाकटा भाऊ प्रत्येक रंगावर बोट ठेवून सांगत होता. "पिवळी ती बीएलएमची, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. हिरवी जंगलखात्याची. निळी राज्याच्या ट्रस्टची. नारिंगी आदिवासी राष्ट्रांची. जांभळी राष्ट्रीय उद्यानं. पांढरी लोकांची खासगी. ताई, उद्या आपल्याला पिवळ्यात जायचंय, आणि पिवळ्यातसुद्धा कुठेही नाही."

भाऊ फिनिक्सच्या उत्तर टोकाला राहतो. तिथे त्याला पंधरा-वीस वर्षं झाली, अमेरिकेचं नागरिकत्वही मिळालं. शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत. उभा जन्म त्यांनी वणवे विझवण्यात घालवला, आणि हरणांच्या शिकारीचा मोसम आला की अजूनही रानात जातात. त्यांच्या नादाने भाऊ रायफल चालवायला शिकला. दोघांना मोकळ्या रानात नेमबाजी करायला आवडते, आणि तशी कायदेशीर जागा शोधणं हा त्या छंदाचा मोठा भाग आहे, हे त्यांच्याबरोबर फिरल्याशिवाय मला कळलं नसतं.

घरापासून जवळच बेन एव्हरी शूटिंग फॅसिलिटी आहे. राज्याचं वन्यजीव खातं ती चालवतं. बेन एव्हरी हे ॲरिझोनातल्या एका दैनिकाचे पत्रकार, रानावनाबद्दल लिहिणारे. त्यांचं नाव या जागेला आहे. तिथे बाकं आहेत, मातीचे उंच बांध आहेत, भोंग्यावरून सूचना देणारे अधिकारी आहेत. मग रानात कशाला जायचं? हा प्रश्न मी शेजारच्या गृहस्थांना सरळ विचारला. त्यांचं म्हणणं असं: रेंजवर बाक असतं, अंतर ठरलेलं असतं, जमीन सपाट असते. हरीण असं कधीच उभं राहत नाही. दगडाला टेकून, चढावर बसून, तिरक्या वाऱ्यात नेम धरायची सवय नसेल तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं. भावाचं कारण साधं आहे. रेंजवर एकाच वेळी वीस बंदुका वाजतात. त्याला एकच वाजलेली हवी असते.

कोल्हापूरच्या माणसाला नेमबाजीचं कौतुक शिकवावं लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने आशियाई सुवर्ण आणलं, आणि १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा भावाने फिनिक्सहून फोन करून सगळ्या घराला रडवलं होतं. पण ही सारी नेमबाजी रेंजवरची. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना, तो कशासाठी, काडतुसं किती, याचा हिशोब. आणि गावाच्या गायरानात जाऊन डब्यावर गोळ्या झाडणं हे मनातही येणार नाही. कॉलेजात एनसीसीत असताना मी पॉइंट टू टू रायफल चालवली आहे. २५ यार्डांवर पालथं पडून पाच गोळ्या. गोळ्या संपल्या की उस्ताद पुंगळ्या मोजून घ्यायचे. एक जरी कमी भरली तरी सगळी तुकडी गवत चाचपत बसायची.

इथे मी रायफलीला हातही लावणार नव्हते. याचं कारण आपल्या लोकांना नीट माहीत नसतं, म्हणून स्पष्ट लिहिते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पर्यटक, विद्यार्थी किंवा एच-१बी अशा तात्पुरत्या व्हिसावर देशात आलेल्या माणसाने बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे. काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी लागू नाही. पण नुकताच आलेला, आयटीत काम करणारा आपला मुलगा मित्राबरोबर रानात जातो, "एक गोळी मार की" म्हणून कोणी हातात रायफल देतं, फोटो निघतो. त्या एका फोटोने त्याचा पुढचा सगळा कागदपत्रांचा रस्ता बंद होऊ शकतो. भावाच्या ऑफिसातले असे मुलगे "आम्हालाही न्या" म्हणून मागे लागतात. तो आधी व्हिसा विचारतो आणि नाही म्हणतो. त्यांना वाईट वाटतं, पण तो करतो ते योग्यच आहे. मला तो म्हणाला होता, "शिकारीचा परवाना काढूया का तुझ्यासाठी?" मला शिकार करायची नव्हती. जे करायचं नाही त्याचा परवाना काढणं पटलं नाही. मी दुर्बीण घेतली.

निघायच्या आदल्या रात्रीचं काम दोन तास चाललं. भाऊ फोनवर नकाशाचे थर एकावर एक चढवत होता: मालकी, शहरांच्या हद्दी, वस्त्या, पायवाटा, बंदीचे आदेश. बीएलएमकडे देशभरात मिळून सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. तिच्यातली बहुतेक पश्चिमेच्या राज्यांत आणि अलास्कात. जंगलखात्याकडे आणखी १९ कोटींच्या वर. या जमिनी अमेरिकी जनतेच्या मालकीच्या मानल्या जातात, आणि १२ मार्च २०१९ ला सही झालेल्या डिंगेल कायद्याने हे तत्त्व कागदावर आणलं की बंदी जाहीर केलेली नसेल तर या जमिनी शिकार, मासेमारी आणि नेमबाजीला खुल्या समजायच्या. टेक्सासमध्ये अशी सोय फारशी नाही. तिथे ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी. रानात नेम धरायचा तर कुणाच्या तरी शेताच्या फाटकाशी जाऊन परवानगी मागायची. ॲरिझोनात फाटक नाही, आणि म्हणून फाटक कुठे असायला हवं होतं ते ज्याचं त्याने शोधायचं.

"बंदी नसेल तर खुली" हे ऐकायला सोपं आहे, पण अपवाद मोजायला बसलं की रात्र पुरत नाही. राष्ट्रीय उद्यानात नेमबाजी नाही. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर त्यांचा कायदा चालतो, आणि राज्याची चौथाईहून जास्त भूमी त्यांची आहे. निळ्या चौकोनांची गोष्ट मला फार रोचक वाटली. एक मैल बाय एक मैल, ६४० एकर, असे सर्वेक्षणाचे चौकोन. प्रत्येक ३६ चौकोनांच्या गटातले २, १६, ३२ आणि ३६ क्रमांकाचे चौकोन शाळांसाठी राज्याला दिलेले. १९१२ साली ॲरिझोना राज्य झालं तेव्हापासून ही जमीन विकून, भाड्याने देऊन मिळणारा पैसा मुख्यतः शाळांकडे जातो. ती सरकारी असली तरी सार्वजनिक नाही. तिथे फिरायलासुद्धा परवाना लागतो आणि नेमबाजीला मनाई. जमिनीवर मात्र निळा रंग नसतो. तीच झुडपं, तेच दगड, तीच वाळू. पिवळ्यातून निळ्यात पाऊल पडलं हे सांगायला बहुतेक ठिकाणी कुंपणही नाही.

सकाळी निघण्याआधी भावाने बीएलएमच्या हसायाम्पा फील्ड ऑफिसला फोन लावला. नकाशा जुना असू शकतो, आदेश कालचा असू शकतो, म्हणून हा फोन. पलीकडच्या बाईंनी विचारलं, कोणत्या बाजूला जाताय, आणि शांतपणे कुठे काय चालू-बंद आहे ते सांगितलं. सरकारी कचेरीत फोन करून "मला अमुक ठिकाणी बंदूक चालवायची आहे, चालेल का?" असं विचारता येतं, याचं मला त्या दिवशी सगळ्यात जास्त नवल वाटलं.

महामार्ग १७ वरून उत्तरेला लागलो. फेब्रुवारीची सकाळ, हवेत गारवा, आणि दोन्ही अंगाला सग्वारो निवडुंगांचे हात वर. वाळवंट सुरू झालं असं मला वाटत होतं, पण भाऊ म्हणाला, "अजून शहरातच आहोत." या भागातली शहरं वाळवंट गिळत लांबवर पसरली आहेत, घर दिसत नाही आणि तरी हद्द संपत नाही. आणि हद्दीच्या आत गोळी झाडणं हा इथे मोठा गुन्हा आहे. १९९९ साली फिनिक्समध्ये कोणीतरी हवेत झाडलेली गोळी खाली येताना एका १४ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात शिरली. ती आपल्याच घराच्या अंगणात होती. तिच्या आईवडिलांनी सरकारदरबारी खेटे घातले आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. तिच्या नावावरून त्याला शॅनन्स लॉ म्हणतात. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने लग्ना-वरातीतला बेदरकार गोळीबार वेगळा गुन्हा ठरला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते, एवढं सांगायला दोन्हीकडे माणसं मरावी लागली.

महामार्गाच्या पूर्वेला अग्वा फ्रिया राष्ट्रीय स्मारक आहे. नकाशात तेही बीएलएमकडेच, पण तिथे नेमबाजी बंद. मेसा म्हणतात त्या सपाट डोंगरांच्या माथ्यावर शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांचे दगडी पाये आहेत, खडकांवर कोरलेली हरणं आहेत. अशा कोरीव खडकांवर गोळ्यांचे पांढरे चट्टे पडलेले फोटो भावाने मला दाखवले. ते युटातल्या लेक माउंटन्सचे होते. ते पाहून मला विशाळगड-पन्हाळ्याच्या तटावर नावं कोरणारे हात आठवले आणि तोच संताप आला.

आम्ही पश्चिमेला वळलो. डांबर संपलं, धुरळा सुरू झाला. पहिली जागा लांबून फार छान दिसत होती: सपाट मैदान आणि पलीकडे टेकाड. शेजारचे गृहस्थ गाडीतून उतरलेच नाहीत. "टेकाडाच्या पलीकडे काय आहे?" त्यांनी विचारलं. भावाने नकाशा फिरवला. टेकाडामागून ब्लॅक कॅनियन ट्रेल जात होती. ऐंशी मैलांच्या आसपास लांबीची ही वाट, मूळची मेंढ्या हाकण्याची. आता पायी चालणारे, सायकलवाले, घोडेस्वार तिच्यावरून जातात. गोळी टेकाडाच्या माथ्यावरून निसटली तर थेट त्या वाटेवर. पॉइंट टू टूची गोळी, जी मी कॉलेजात खेळण्यातली समजत होते, ती अडली नाही तर दीड मैल जाते. हरणाच्या शिकारीच्या रायफलीची गोळी चार-पाच किलोमीटर. आम्ही गाडी वळवली.

पुढे प्रेस्कॉटच्या पलीकडे पॉल्डन नावाच्या गावाजवळ जेफ कूपर यांनी १९७६ साली नेमबाजीची शाळा काढली होती. बंदुकीच्या सुरक्षिततेचे त्यांचे चार नियम या देशात सगळ्यांना पाठ असतात. प्रत्येक बंदूक भरलेली समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम जुळेपर्यंत बोट चापावर नको. आणि चौथा: लक्ष्य ओळखा, त्याच्या मागे काय आहे तेही. शेजारच्या गृहस्थांच्या मते पहिले तीन नियम रेंजवरही पाळता येतात, पण चौथ्याची परीक्षा रानातच होते. रेंजवर मागचा बांध दुसऱ्या कोणीतरी घातलेला असतो.

दुसऱ्या जागेवर मागची आड उत्तम होती, पण पायाखाली सगळा खडक. गोळी खडकावर आपटली की टप्पा खाऊन कुठेही उसळते, परतही येते. तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा भाऊ काहीच बोलला नाही. मीच आधी उतरले.

ती जागा एकेकाळी चांगली असणार. मऊ मातीचा उंच कडा, समोर रुंद सपाटी. आता त्या सपाटीवर फुटलेल्या काचा, चाळण झालेला टीव्ही, एक फ्रीजचं दार, रंगाचे डबे, मुलांची तीनचाकी, आणि सगळीकडे प्लास्टिकच्या रंगीत पुंगळ्या पसरल्या होत्या. जरा बाजूला गुरांसाठी ठेवलेली पाण्याची पत्र्याची डोण होती. या जमिनी पशुपालकांना चराईसाठीही दिलेल्या असतात. डोणीला सात-आठ भोकं पडली होती आणि आत तळाला ओलसुद्धा नव्हती. दुष्काळी गावात वाढलेल्या कोणालाही त्या डोणीकडे बघवलं नसतं. कोणीतरी गमतीने चाप ओढला, आणि त्या भागातली गुरं मैलभर लांबच्या पाण्याला गेली.

डोणीच्या मागे एक सग्वारो उभा होता. माझ्या तिप्पट उंच, त्याला दोन हात फुटलेले. सग्वारोला पहिला हात फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे हा माझ्या आजोबांच्या वयाचा. खोडावर छातीच्या उंचीला गोळ्यांची रांग. काही भोकांभोवती झाडाने कठीण, करडी कड धरली होती. जखम आत सुकवून बंद करायची त्याची ही रीत. मी एका भोकाच्या कडेवर बोट फिरवलं. नारळाच्या करवंटीसारखी खरखरीत लागली. तीन भोकं ताजी होती, त्यांतून काळपट रस ओघळून खालच्या काट्यांवर वाळला होता. राज्याच्या कायद्याने हे झाड संरक्षित आहे. १९८२ साली इथून फार लांब नसलेल्या लेक प्लेझंटजवळ एक माणूस सग्वारोवर गोळ्या झाडत होता, तेव्हा तुटलेला भाग अंगावर कोसळून तो मेला. इथे ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि लोक ती हसत सांगतात. त्या खोडासमोर उभं राहून मला हसू येण्यासारखं काही सापडलं नाही.

अशा जागा बंद होतात. बीएलएमने बंद केल्या की लोक सरकारच्या नावाने ओरडतात, पण त्या बंद कोण करतं हे त्या सपाटीवर पसरलेलं होतं. कचरा हे एक कारण, माणसं मरणं हे दुसरं. जुलै २०१५ मध्ये कोलोरॅडोतल्या पाइक राष्ट्रीय वनात आपल्या कुटुंबाबरोबर तंबू टाकून बसलेला एक माणूस कुठून तरी आलेल्या गोळीने गेला. जंगलखात्याचा नियम आहे की घर, तंबूची जागा किंवा माणसांचा वावर असलेल्या ठिकाणापासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडायची नाही, रस्त्यावरून किंवा पाण्यावरून झाडायची नाही, गुहेत झाडायची नाही. १५० यार्ड म्हणजे जेमतेम एक क्रिकेटचं मैदान. मैलभर जाणाऱ्या गोळीपुढे तो आकडा मला फारच तोकडा वाटतो, आणि मी तसं म्हटलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नियम किमान सांगतो. बाकीचं तुम्ही पाहायचं."

तिसरं कारण आग, आणि त्याबद्दल त्यांच्याइतकं जाणून असलेला माणूस मला पुन्हा भेटेलसं वाटत नाही. जून २०१२ मध्ये युटात सॅराटोगा स्प्रिंग्जजवळ नेमबाजांच्या गोळीने गवत पेटलं. साडेपाच हजार एकर जळले, हजारो लोकांना घरं सोडून पळावं लागलं. लोकांना पटेना की नुसत्या गोळीने आग लागते. तेव्हा जंगलखात्याच्या संशोधकांनी पोलादी पत्र्यावर गोळ्या झाडून पाहिल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले: आपटून फुटलेल्या गोळीचे तुकडे ८०० अंश सेल्सियसच्याही वर तापू शकतात. पोलादी गाभ्याच्या आणि भरीव तांब्याच्या गोळ्यांनी वाळवलेलं पीट मॉस, म्हणजे शेवाळाचा चुरा, हमखास पेटतं. शिशाच्या साध्या गोळ्यांनी क्वचित. मग सगळ्यांनी शिसंच वापरावं? तसंही नाही. ॲरिझोनाच्या उत्तरेला कंडोर पक्षी आहेत, आपल्या गिधाडांचे दूरचे भाऊबंद म्हणावेत असे. १९९६ पासून त्यांना पुन्हा तिथे सोडलं गेलं. शिकारी हरणाचं आतडं-कोथळा रानात टाकून येतात, त्यातलं शिसं पोटात जाऊन हे पक्षी मरतात. म्हणून राज्याचं वन्यजीव खातं २००५ पासून त्या भागातल्या शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या फुकट देतं. तांब्याच्या. गृहस्थ शिकारीला तांबं वापरतात, ओलाव्याच्या दिवसांत. आणि सरावाला शिसं, मऊ मातीत. उन्हाळ्यात दोन्ही नाही. आगीचे निर्बंध लागले की या जमिनींवर गोळीबार बंद होतो, आणि मे-जूनमध्ये ते बहुधा लागलेलेच असतात.

गोळी लागली की स्फोट होऊन फुटणाऱ्या लक्ष्यांचं नाव काढलं तरी गृहस्थांचा चेहरा कठोर होतो. एप्रिल २०१७ मध्ये राज्याच्या दक्षिणेला बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करण्यासाठी रंगीत पूड भरलेलं असं लक्ष्य कोणीतरी गवतात ठेवून उडवलं. जमीन निळी होती, म्हणजे राज्य ट्रस्टची. वारा होता. सुमारे ४७ हजार एकर जळले. गृहस्थांच्या जुन्या सोबत्यांतले काही त्या आगीवर होते.

चौथी जागा दुपारी सापडली. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एवढंच सांगते, की ती पिवळ्यात होती, निळी कड अर्ध्या मैलावर, आणि भाऊ दर थोड्या वेळाने फोनवर आमचा ठिपका तपासत होता. कोरड्या ओढ्याने कातरलेला, दोन पुरुष उंचीचा मातीचा कडा. वर डोंगर चढत गेलेला, त्यामुळे माथ्यावरून निसटलेली गोळीही डोंगरातच जाणार. दोघांनी आधी कड्यामागे चढून पलीकडे पाहिलं, मीही गेले. वाट नाही, तंबू नाही, जुन्या खाणीचं तोंड नाही. मग लाकडी चौकट रोवली, तिच्यावर कागदी लक्ष्य. खाली ताडपत्री अंथरली, पुंगळ्या तिच्यावर पडाव्यात म्हणून. कानांना मफ, डोळ्यांना गॉगल. मातीला पाणी मारलं, फावडं आणि पाण्याचा मोठा कॅन हाताशी ठेवला. हे सगळं होईपर्यंत पाऊण तास गेला.

गोळीबार त्याहून थोडाच जास्त वेळ चालला. मी गाडीपाशी, दोघांच्या मागे, दुर्बीण लावून. भाऊ खडकाला पाठ टेकून, गुडघ्यावर कोपर रोवून बसला. पहिल्या गोळीला कड्यावर धुळीचा टवका उडाला, लक्ष्याच्या डावीकडे. "वारा," मी ओरडले, "डावीकडे दीड वीत!" त्याने न वळता मान हलवली. पुढची काळ्यात. रेंजवर कसलाही आवाज भिंतींत घुमतो. इथे प्रत्येक आवाज डोंगराला लागून परत यायचा आणि मग इतकी शांतता व्हायची की पुंगळी ताडपत्रीवर पडलेली ऐकू यायची. मधेच लांबून धूळ उडालेली मला दुर्बिणीतून दिसली. मी "थांबा" म्हटलं. दोघांनी तात्काळ बोल्ट उघडून रायफली खाली ठेवल्या, आणि एक चारचाकी ओढ्याच्या पलीकडून दूर निघून जाईपर्यंत कुणीही त्यांना हात लावला नाही. तिथे ना भोंगा होता ना अधिकारी. थांबा म्हणणारं कोणी असावं म्हणून माणूस सोबत नेतात, आणि त्या दुपारी ते काम माझ्याकडे होतं याचा मला अभिमान वाटला.

संपल्यावर मी सवयीने ताडपत्रीकडे वाकले. भावाने अडवलं. "ताई, पुंगळ्या तू नको घेऊस." केंद्रीय कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाची पुंगळीही येते, माझ्या व्हिसावर रिकामी पुंगळी खिशात असणंही नको, आठवण म्हणून नाहीच नाही. तेव्हा त्यांनी पुंगळ्या गोळा केल्या आणि मी शेजारी उभी राहून मोजल्या. झाडलेल्या गोळ्यांचा आकडा गृहस्थांनी वहीत लिहिला होता. एक कमी आली. ती ताडपत्रीच्या कडेला वाळूत रुतलेली सापडेपर्यंत तिघेही वाकून शोधत होतो.

परतताना तिसऱ्या जागेवर पुन्हा थांबलो, पोती घेऊन. मी काचा आणि डबे उचलले, त्यांनी पुंगळ्या. रंगीत पुंगळ्यांनी दोन पोती भरली. असा पसारा टाळायची सोयही आहे. अमेरिकेत रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि १९३७ च्या कायद्याप्रमाणे त्याचा पैसा वन्यजीव संरक्षणाला आणि अलीकडे सार्वजनिक जमिनींवरच्या रेंजना मिळतो. फिनिक्सभोवती बीएलएमने बाल्डी माउंटनसारखी काही ठिकाणं बांध घालून, फुकट खुली करून दिली आहेत, ती याच विचाराने, की लोकांनी वाटेल तिथे पसरू नये. मला ती सोय चांगली वाटते. भावाला भीती वाटते, की अशा जागा वाढल्या की उरलेला पिवळा रंग हळूहळू बंद होईल. त्यावर गाडीत आमचा वाद झाला, आणि मिटला नाही. त्या डोणीची भोकं पाहिल्यावर मी माझं मत बदलणार नाही.

टीव्ही आणि फ्रीजचं दार गाडीत मावेना. शेजारच्या गृहस्थांनी जागेची खूण नकाशावर टिपली, डोणीच्या भोकांचे फोटो काढले आणि फील्ड ऑफिसला पाठवायला भावाकडे दिले. डोण कोणत्या पशुपालकाची ते ऑफिसला ठाऊक असतं. रविवारी ट्रेलर जोडून परत यायचं ठरलं. भावाने ऑफिसातल्या त्या एच-१बीवाल्या मुलांना तिथूनच संदेश टाकला, की रानात न्यायला या वेळी तयार आहे, येताना जाड हातमोजे आणा.